चाळवार रांग

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती तेव्हा मी लालबागच्या एका मराठी शाळेत चौथीत होते आणि धाकटा भाऊ बालवर्गात. आई-बाबा दोघंही गिरणीत. कामावर निघताना आई रोज मला एकच गोष्ट बजावायची, "भावाक घेतल्याशिवाय घराक येव नको."

हरताळ, मोर्चे, लाठ्या, अश्रुधूर. वर्गात बसल्या बसल्या डोळे चुरचुरायचे. तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, गडबड झाली तर मुलांना सुखरूप बाहेर कसं काढायचं ते ठरवलं. आधी शिक्षकांची तालीम झाली. शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरत होते आणि मोठ्या बाई खालून ओरडत होत्या, "बोलायचं नाही! ढकलायचं नाही!" ज्यांच्या छडीला अख्खी शाळा टरकायची ते तिसरीचे गुरुजी नाकाला ओला रुमाल बांधून सर्वांत मागे. आम्ही फाटकाच्या गजांतून बघून पोट धरून हसलो.

सोमवारी आमची पाळी आली. घंटा झाली की एकेका इयत्तेने रांगेत उतरायचं. मोठे वर्ग पुढच्या फाटकाने, बालवर्ग मागच्या गल्लीत. मी जिन्याच्या मधोमध होते. खाली भाऊ उलट्या दिशेला चाललेला दिसला आणि माझं डोकंच फिरलं. रांग सोडून मी धावले. मला वाटलं मी एकटीच. पण प्रत्येक वर्गातून कुणी ना कुणी आपलं भावंड शोधायला सुटलं होतं. जिन्यात एकच चेंगराचेंगरी झाली. गुरुजींचा रुमाल कुणाच्या तरी पायाखाली गेला.

मोठ्या बाईंनी मलाच धरलं. "रांग का मोडलीस?"

शाळेत आम्ही शुद्ध बोलायचो, पण राग आला की घरची भाषा तोंडात यायची. "माझ्या आयेन सांगितलंहा, भावाक सोडू नको. तुमचा काय आयकू?"

आता थोबाडीत बसणार म्हणून मी डोळे मिटले. बसली नाही. मोठ्या बाई शेजारी उभ्या असलेल्या आमच्या वर्गाच्या बाईंना म्हणाल्या, "हिची आई बरोबर आहे. चूक आपल्या रांगेची आहे."

मग रांगा इयत्तेच्या राहिल्या नाहीत, चाळींच्या झाल्या. एकेका चाळीची मुलं एकेका शिक्षकाकडे. त्या शिक्षकांनी चाळीत जाऊन दिवसपाळीला घरी कोण असतं, मुलं कुणाच्या हवाली करायची, सगळं पाहून यायचं. आमच्या वाट्याला आमच्याच बाई आल्या. त्या शिवाजी पार्कच्या. तरुण, अंगाने काडी. चाळ त्यांनी आतून कधी पाहिली नसावी. आमच्या खोलीत मोरीच्या कडेला पाट मांडून आईने त्यांना चहा दिला. तो इतका गोड होता की त्यांचे डोळेच मोठे झाले, पण त्यांनी कप रिकामा केला. त्या दिवशी मला बाई फार आवडल्या.

आणि मग खरोखरच तो दिवस आला. दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या, रस्त्यावर घोषणा, डोळ्यांत आग. घंटा झाली. आमच्या चाळीची पोरं एका ओळीत उभी राहिली. भावाचा हात माझ्या हातात होता, घामेजलेला. मला भीती वाटत होती, पण धावावंसं वाटलं नाही. बाई आम्हाला मागच्या गल्लीने घेऊन निघाल्या.

गिरण्या बंद पडल्या होत्या. चाळीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या, त्यांत आई. तिने भावाला कडेवर घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाईंनी सगळी मुलं ज्याच्या त्याच्या घरी दिली आणि पदराने तोंड पुसलं. बस बंद, ट्राम बंद. शिक्षकांनी घरी कसं जायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

"बाई, एकट्या जाऊ नका," आई म्हणाली. "जरा शांत होऊदे, मग आम्ही येतो सोडूक."

ऊन उतरल्यावर चाळीतल्या पाच-सहा बायका चपला घालून निघाल्या, मध्ये बाई. मीही हट्टाने निघाले. आईने मला परत पाठवलं नाही. ती म्हणाली, "ये. पण बाईंचो हात सोडू नको."