जुन्या राजधानीला ऑइलपेंट

वाशीमच्या आमच्या इतिहास मंडळाचा मी सचिव. म्हणजे इतिवृत्त लिहिणारा. इतिवृत्तात जे बसते ते मी वहीच्या पुढून लिहितो, जे बसत नाही ते मागून. वर्षभरातच मागची पाने पुढच्या पानांना येऊन भिडली! त्यांतले काही किस्से देतो. ऐकीव एकही नाही, एवढी खबरदारी घेतली आहे.

*

शहराविषयी फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या गोष्टींची पुस्तिका काढायचे ठरले. पहिल्याच बैठकीत मी सांगितले, की वत्सगुल्म या नावाने आपले गाव वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते.

मग किराणा दुकान चालवणारे खजिनदार म्हणाले, ‘‘राजधानी होती, तं मंग जिल्हा व्हाले इतका टाइम काहून लागला?’’

याचे उत्तर माझ्या माहितीच्या कोणत्याही ताम्रपटात नाही.

*

मसुद्यात मी चार ठिकाणी ‘बहुधा’ लिहिले होते. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चारही ठिकाणी लाल रेघ ओढली.

‘‘बहुधा म्हणजे तुम्हाला नक्की ठाऊक नाही?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मग ठामपणे लिहा!’’

*

गावात एकशे आठ तीर्थे होती, अशी परंपरा आहे. त्यांपैकी एकाच्या शोधात निघालो, तर जागेवर चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे नंबर. तेथे उभ्या असलेल्या मालकाला मी स्पष्ट आवाजात विचारले, ‘‘इथे पूर्वी मोठे कुंड होते ना?’’

त्याने मला दंड धरून बाजूला नेले. ‘‘हळू बोला नं भाऊ! गिऱ्हाइकाले आत्ताच सांगतलं, का इथं पानी साचतच नाही!’’

*

एकदा चहा घेताना एका जुन्या भिंतीविषयी मी म्हणालो, की येथे हत्ती बांधत असावेत, पण हा केवळ तर्क आहे. अध्यक्षांनी तो व्हॉट्सॲपवर टाकला. ‘तर्क’ हा शब्द तेवढा गळाला. चारच दिवसांनी रिसोडच्या बसमध्ये शेजारचे आजोबा मला सांगू लागले, ‘‘माह्या आज्यानं सोताच्या डोयानं पाह्यले ते हत्ती!’’

तर्काला साक्षीदार मिळाला.

*

खरे दुःख मात्र शिलालेखाचे. एका देवळाबाहेर झिजलेल्या अक्षरांचा दगड होता. लोकांना नीट दिसावा म्हणून मंडळाने पेंटरकडून अक्षरांत सोनेरी ऑइलपेंट भरून घेतला. कळताच मी धावत गेलो.

‘‘जिथं तुटलं होतं नं, तिथं म्या जोडून देल्लं,’’ पेंटर अभिमानाने म्हणाला.

आता त्या लेखातली एकच ओळ निःसंशय वाचता येते : तळाशी असलेला पेंटरचा मोबाइल नंबर!

*

आमच्या माहितीत आणखी एकच कोरलेला दगड उरला होता. जुन्या वस्तीतल्या सरूकाकूंचा धुण्याचा दगड. त्याच्या खालच्या बाजूला अक्षरे आहेत, असे त्यांच्या सुनेने मला सांगितले. तो वाचता आला, तर पुस्तिकेत निदान एक तरी गोष्ट पुराव्याची असेल! दुर्दैवाने, सचिवाचे कर्तव्य म्हणून, ही नोंद मी वहीच्या पुढून केली. त्यामुळे ठरल्या दिवशी अध्यक्षही आले, पेंटरही आला, आणि बाहेर टेम्पोही उभा राहिला.

पहार लावून दगड उलटला. अक्षरे धारदार होती. जणू कोरणारा आत्ताच उठून गेला असावा.

‘‘काकू, हा दगड असा उलटा कुणी घातला?’’ मी विचारले.

‘‘माह्या सासूनं. लिवलेलं हाय त्याच्यावर. लिवलेल्यावर पाय देतेत का बापा?’’

‘‘त्यांना वाचता यायचं?’’

‘‘नाही. मलेबी नाही येत.’’

मी ओला कागद दगडावर बसवून ठसा घेऊ लागलो. अध्यक्षांना तेवढा धीर नव्हता. ‘‘काकू, दगड मंडळाला द्या. चौकात बसवू. सोनेरी रंग भरला, की अक्षरं कशी झळकतील बघा!’’

काकूंनी पेंटरच्या हातातला डबा पाहिला. मग मला विचारले, ‘‘बाबू, तुह्यं झालं का?’’

‘‘थोडं राहिलंय, काकू.’’

‘‘होऊ दे बरोबर.’’

ठसा निघाला. ‘‘आता लावा हात तिघंबी,’’ काकू म्हणाल्या. आम्ही दगड उचलला. अध्यक्ष आनंदाने टेम्पोकडे वळले.

‘‘तिकडं कुठं, गुरुजी?’’ मागून काकू म्हणाल्या. ‘‘उलथा करा अन् होता तिथं ठेवा. माह्यं धुनं भिजून राह्यलं.’’