गळाच्या क्लासला बाप

आमच्या ह्यांनी जन्मभर पत्रा ठोकला. अपघातात चेपलेली गाडी गॅरेजात यायची आणि हे हातोडीनं तिचे पोचे काढून नव्यासारखी करून द्यायचे. हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे. तोच हात घरी आला की मुलावर पडायचा. आता कुणापासून झाकायचं? दूध सांडलं म्हणून पडायचा, शाळेतून तक्रार आली म्हणून पडायचा, काहीच झालं नाही तरी पडायचा. मी मध्ये जायचे, मग मलाही बसायच्या. मुलगा कमवायला लागला तसा घर सोडून गेला. मला फोन करायचा, पण त्याच्या तोंडून 'बाबा' हा शब्द मी कित्येक वर्षं ऐकला नाही.

तो मासे धरायला शिकवतो. साधा गळ नव्हे. पिसांची खोटी माशी करायची, लांब दोरीला बांधायची आणि काठी हलवून ती पाण्यावर अलगद टेकवायची. त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. लोक हौसेनं शिकतात बाई, मला तर वाटायचं, मासा बाजारात मिळतो की. उन्हाळ्यात तो नदीवर असायचा आणि हिवाळ्यात आमच्याच शहरातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत क्लास घ्यायचा.

ह्यांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. रंगाची वाफ, घासलेल्या पत्र्याची धूळ, सगळं आत साठलेलं. डॉक्टर आडवळणानं बोलायला लागले, तर ह्यांनी सरळच विचारलं. पुढचा हिवाळा दिसायचा नाही, असं उत्तर आलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "त्याला सांगायचं नाही. दया येऊन आला तर काय उपयोग? मला त्याची माफी मागायचीय. नीट, उभ्यानं."

"मग फोन करा," मी म्हटलं.

"माझा आवाज ऐकला की ठेवून देतो."

आणि गेले ते थेट क्लासला नाव घालून आले. शिकायला आलेल्याशी मास्तराला बोलावंच लागतं, हा ह्यांचा हिशोब. आयुष्यात पहिल्यांदा डोकं लढवलं, तेही असं.

दम लागला तर जवळ कुणी असावं म्हणून मी सोबत गेले. बापाला बघून मुलाचा चेहरा उतरला, पण बाकीची मंडळी समोर उभी होती. "या सर, ह्या रांगेत उभे राहा," म्हणाला. पोटच्या पोरानं बापाला सर म्हणावं. ह्यांना मात्र तेवढंही पुष्कळ झालं.

शिकवायचा तो असं. काठी मागे न्यायची, कानापाशी थांबवायची, पाठीमागे दोरी सरळ होईपर्यंत धीर धरायचा आणि मग पुढे टाकायची. कुणाला लागू नये म्हणून गळाच्या आकड्याऐवजी लोकरीचा गोंडा बांधलेला. बाकीच्यांना हळूहळू जमलं. ह्यांचा हात काही थांबेना. हातोडीची सवय, उचलला की खालीच यायचा आणि गोंडा फरशीवर फटकन आपटायचा. "ठोकू नका सर, थांबा," मुलगा म्हणायचा. इतरांचं मनगट धरून शिकवायचा, ह्यांना मात्र चार हात लांबून, नुसतं तोंडानं.

घरी हे झाडूचा दांडा घेऊन सराव करायचे. दोनदा वर केला की धाप लागायची. मी करवादायचे, "मरायला टेकलात आणि हे कसलं खूळ?" "थांबायला शिकतोय," म्हणायचे. आणि शिकले हो. एक दिवस मुलगा जाता जाता म्हणाला, "आता बरं आलं." सर म्हणाला नाही. घरी येताना हे रस्ताभर स्वतःशीच हसत होते. मला हसायचं की रडायचं ते कळेना.

शेवटचा क्लास नदीवर होता. "आज बोलतो," मला म्हणाले. मी काठावर बसले. हे गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि पहिल्याच फटक्याला दोरी गुंतली. मुलगा आपणहून पाण्यात उतरला, ह्यांच्या मागून आला, अगदी खांद्याला खांदा लागेल इतका जवळ. गुंता सोडवला. "टाका आता," म्हणाला.

ह्यांनी हात उचलला आणि मुलगा खाली वाकला. कोपर डोक्यावर, मान खांद्यात, डोळे गच्च मिटलेले. लहानपणी पलंगाच्या कडेला वाकायचा, तस्साच. तिशी उलटलेला माणूस, शिकणारे सगळे काठावरून बघताहेत. ह्यांनी मान वळवून पाहिलं. हात वरच थांबला होता, कानापाशी, जिथे थांबवायचा असतो तिथेच. मग त्यांनी काठी हळूच खाली घेतली, मुलाच्या हातात दिली आणि पाण्याबाहेर आले. मुलगा सरळ झाला, घसा खाकरला आणि पुढच्या माणसाकडे गेला.

वाटेत मी विचारलं, "बोलणार होतात ना?"

"कुठल्या तोंडानं बोलू? तो करेलही माफ. त्याचं अंग नाही करायचं गं."

त्यानंतर झाडूला हात लावला नाही. तब्येत भराभर उतरली. मग मी ह्यांचं ऐकलं नाही, फोन करून मुलाला सगळं सांगून टाकलं. दुपारपर्यंत तो दवाखान्यात हजर. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसला आणि "बाबा" म्हणाला. ह्यांच्या डोळ्यांना धार लागली. "चुकलं माझं," एवढंच बोलायला दम पुरला. "असू द्या आता," मुलगा म्हणाला, आणि मनापासून म्हणाला, मी ओळखते त्याला.

ह्यांनी डोळे पुसले नाहीत. हात पांघरुणाबाहेर काढलेच नाहीत. खोलीत भयंकर उकडत होतं. "हात तरी बाहेर घ्या बाबा, घामाघूम झालात," मुलगा म्हणाला. ह्यांनी नको म्हणून मान हलवली.

संध्याकाळी मुलगा बसलेला असतानाच हे गेले. मी पांघरूण बाजूला केलं, तर दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून ठेवलेले होते.