आधी चहा, मग मशीन

भाईंदर पश्चिमेला आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथे शेपटी तुटलेले माउस साचतात, कुणाचे ते न आठवणारे चार्जर साचतात आणि किस्से साचतात. माउस आणि चार्जर आमचे मालक, सावंत सर, दिवाळीला भंगारात देतात. किस्से कोण घेणार? म्हणून तुम्हाला सांगतेय.

आमच्याकडे एक नियम आहे. मशीन टेबलावर आलं, की आधी गिऱ्हाइकाला चहा. तो संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही आणि फॉरमॅटचं तर नावही काढायचं नाही. फॉरमॅट म्हणजे ड्राइव्ह पुसून नवी सिस्टिम टाकायची. झटपट काम, डोक्याला ताप नाही, पण आतलं सगळं जातं. न पुसता सिस्टिम दुरुस्त करायची तर कधी अख्खा दिवस जातो. आम्ही दिवस घालवतो.

हा नियम माझ्यामुळे आला.

*

सहा वर्षांपूर्वी. माझ्या नोकरीचा पहिला आठवडा, सर बाहेर गेलेले. गायकवाड काका आले. रिटायर्ड, मूळचे मराठवाड्याचे. मशीन सुरूच होत नव्हतं.

"काका, आत काही महत्त्वाचं?"

"काही नाही गं, असंच आपलं."

मी फॉरमॅट मारला! दुसऱ्या दिवशी सकाळी काका परत. "पोरी, ते गावाचं कुठं गेलं?"

त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. कुणाचं घर कुठं होतं, कोणती विहीर कुणाची, चिंचेखाली कोण बसायचं, सगळं दोन वर्षं बसून टाइप केलेलं. सरांनी दोन दिवस खटपट केली, काही हाती लागलं नाही. काका म्हणाले, "असू दे. मीच नीट सांगितलं नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दुकानामागे जाऊन रडले. सर म्हणाले, "आत काय आहे ते माणसाला उभ्या उभ्या आठवत नाही. त्याला बसवावं लागतं." तेव्हापासून चहा.

*

हाटकेशला एका शेठचं स्टीलच्या भांड्यांचं युनिट आहे. आल्या आल्या म्हणाले, "कुछ नहीं है इसमें. सब उड़ा दो, नया जैसा कर दो!"

चहा आला. दुसऱ्या घोटाला आठवलं. "एक फोल्डर रखना. बेटी का बायोडाटा है." चौथ्या घोटाला, "और लड़कों के भी."

"कितने हैं?"

"होंगे दो सौ."

सर म्हणाले, "बेटी ने दो सौ लड़कों को ना बोला?"

"बेटी ने कहाँ? मैंने!"

बिघाड साधा होता, पण सापडायला संध्याकाळ झाली. एक अपडेट अर्धवट अडकलेलं. ते काढून टाकलं, मशीन सुरू. शेठनी स्क्रीन वरून खालून न्याहाळली आणि तोंड पाडलं. "ये तो पहले जैसा ही दिख रहा है."

"शेठ," सर म्हणाले, "उसी में तो पूरा दिन गया!"

*

चेणे गावाहून एक मामा आले, सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षातून. "दर गुरुवारी चालू होत न्हाय. बाकी दिवस झकास हाय."

आता गुरुवार पाळणारं मशीन आम्ही पहिल्यांदाच बघत होतो! चहा झाला. सरांनी मागून एक पेनड्राइव्ह उपसला आणि बटण दाबलं. मशीन टुणकन सुरू!

"ह्यात भजनं हायत," मामा म्हणाले. "गुरुवारी लावतो."

पेनड्राइव्ह लावलेला असला की मशीन आपली सिस्टिम सोडून त्यातच सिस्टिम शोधत बसायचं. आत सगळी भजनं! मामांचा चेहरा पडला, देवाचं काही चुकलं की काय म्हणून. सर म्हणाले, "मामा, गुरुवारी आधी मशीन चालू करा, मग देवाला बोलवा."

*

ट्यूशनवाल्या पेडणेकर मॅडमचं मशीन आमच्याकडे आलं, त्यात सहामाहीचे मार्क. ही बातमी कशी फुटली कोण जाणे! संध्याकाळी दोन पोरं वडापाव घेऊन हजर.

"दीदी, फॉरमॅट मारा ना, प्लीज!"

वडापाव ठेवून घेतला आणि त्यांना पिटाळलं. मागोमाग एक मुलगी आली, एकटीच. बराच वेळ दारात उभी.

"तुलाही फॉरमॅटच हवाय ना?"

"नको, नको! मला गणितात पहिल्यांदाच पस्तीसच्या वर मिळालेत."

त्या दिवशी मी जीव तोडून काम केलं. वडापाव तिलाच दिला.

*

आणि गेल्या महिन्यात गायकवाड काका आले. सहा वर्षांनी. हातात काठी, कापडी पिशवीत लॅपटॉप. तो सुरू होत नव्हता. मी नमस्कार करायच्या आधी चहा सांगितला.

"काका, आत काय आहे?"

"गाव."

"परत लिहिलंत?"

"पहिल्यांदा घरात बसून, आठवेल तसं लिहिलेलं. ते गेल्यावर माणसं शोधत फिरलो. परभणी, पुणे, कल्याण. आधीच्या फायलीत बासष्ट घरं होती. आता एकशे अठरा झालीत."

"दुसरीकडे कॉपी?"

"करायची करायची म्हणत राहिली."

ड्राइव्ह दिसत होता, पण उघडत नव्हता. आधी त्याची जशीच्या तशी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घेतली. मग तपासणीची कमांड लावली आणि काळ्या पडद्याकडे बघत बसले. मी जेवले नाही. काकाही हलले नाहीत. चार वाजता ड्राइव्ह उघडला. मग सिस्टिमच्या सुरू व्हायच्या फायली नव्याने बसवल्या. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा काकांच्या नातीचा फोटो लावलेली स्क्रीन आली आणि कोपऱ्यात फोल्डर. काकांनी फाइल उघडून बोटाने घरं मोजली. एकशे अठरा! मी दोन पेनड्राइव्हवर कॉपी करून ते त्यांच्या खिशात घातले.

सरांना राहवलं नाही. "काका, एवढी दुकानं सोडून परत हिच्याकडेच?"

काका दुपारी मागवलेला दुसरा, गार झालेला चहा प्यायले.

"तीन दुकानं फिरलो. तिघंही म्हणाले, आमच्या हातून आजपर्यंत कुणाचं काही गेलं नाही. म्हटलं, मग ह्यांना काय कळणार! जिच्या हातून गेलंय, तिच्याकडेच जाऊ."