सोबत चालायचं नाही

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत तीस मीटर लांबीचा एक बोळ होता. दोन्ही टोकांना नारिंगी शंकू, जमिनीवर दर तीन मीटरला पिवळी पट्टी. या बोळात संशोधक डॉक्टरीणबाईंनी सहा वर्षं घातली होती. फुफ्फुसं कायमची दुखावलेल्या माणसांना आधी नळीत फुंकायला लावायचं आणि मग सहा मिनिटं चालवायचं, हे त्यांचं काम. रुग्ण त्यांना पाठीमागे फुंकरबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. नावं ठेवण्याइतका दम लोकांत उरलाय, याचं त्यांना बरंच वाटे.

ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याचे धडे दोन महिने गिरवले, तर असे रुग्ण सहा मिनिटांत जास्त अंतर चालतात, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. धड्यांआधीची चाचणी तंत्रज्ञ ताई घेत, नंतरची बाई स्वतः. तेहेतीस जणांची चाल सरासरी अडतीस मीटरने वाढली होती. महिनाअखेर अहवाल द्यायचा होता, आणि पुढची तीन वर्षं काम चालणार की गुंडाळणार हे त्यावर ठरणार होतं.

मध्येच मुलीला कांजिण्या आल्या म्हणून बाई दहा दिवस घरी राहिल्या. तेवढ्यात नऊ जणांची शेवटची चाचणी ताईंनी उरकली. त्यांची वाढ निघाली अकरा मीटर.

"ताई, या नऊ जणांना हुरूप दिलात ना?" बाईंनी विचारलं.

"कागदावर आहेत तेवढी वाक्यं म्हटली. 'छान चाललंय, अजून चार मिनिटं.' पदरचं तिखटमीठ मी लावत नाही."

"मग हेच कसे मागे पडले?"

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि कुणाची भीडभाड ठेवण्याचं वय कधीच सरलं होतं. "हे मागे नाहीत पडले. तुमचे पुढे गेलेत. तुम्ही त्यांच्याबरोबर चालता."

"काहीतरीच! मी मागे असते."

"अर्धं पाऊल मागे. पडतील म्हणून. त्यात तुमचं चालणं म्हणजे दूध उतू चालल्यासारखं. मागून पावलं वाजली की माणूस रेटतो हो. परीक्षकाने खुर्चीत बसायचं, सोबत चालायचं नाही, हे कोणी लिहिलंय?"

लिहिलं बाईंनीच होतं. चाचणीच्या नियमावलीत, पान चार.

दोन दिवस त्यांनी स्वतःशी वाद घातला. नऊ म्हणजे आकडा तो केवढा. हे रुग्ण वयाने जास्त असतील. पाहिलं तर नव्हते. अहवाल वाचणारा कोणी बोळात येऊन बघणार नव्हता, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी धडे नुकतेच संपलेल्या वेल्डरकाकांना पुन्हा बोलावलं. काका आधी दोनशे नव्वद मीटर चालले होते, नंतर बाईंसोबत तीनशे त्रेचाळीस.

बाई खुर्चीत बसल्या. काकांच्या बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला आणि घड्याळ सुरू केलं.

"आज बसूनच? रागावलात की काय?" निघता निघता काका म्हणाले.

"काका, बोलू नका. श्वास बोलण्यात जातो," ताई म्हणाल्या.

पाचव्या फेरीत काकांनी भिंतीला हात टेकला. खांदे वरखाली होऊ लागले. बाई उठू लागल्या आणि पुन्हा बसल्या. शेजारच्या पडद्यावर चिमट्याचा आकडा ठीक होता. थांबायची मुभा होती, घड्याळ मात्र चालूच ठेवायचं होतं.

"दम खा. जमेल तेव्हा पुन्हा चाला," त्या म्हणाल्या. कागदावर एवढंच होतं.

काका ओठ आवळून हळूहळू श्वास सोडत राहिले आणि चालू लागले. सहा मिनिटं संपली तेव्हा दहा फेऱ्या झाल्या होत्या, वर एक मीटर. तीनशे एक.

"किती?" पाणी पिऊन झाल्यावर काकांनी विचारलं. बाईंनी सांगितलं.

"म्हणजे मी उतरलो?"

"नाही. मागच्या वेळी मी तुम्हाला ओढत नेलं होतं. धड्यांचे खरे अकरा मीटर."

"मग तुमच्या अहवालाचं काय?"

"तेहेतीस जणांना पुन्हा चालवायचं. तारीख चुकणार. पुढचं काम मिळेलच असं नाही."

काकांनी बोटाचा चिमटा काढून ठेवला. "आमच्या जोडावर साहेब क्ष-किरण लावायचे. वरून असा देखणा, पण आत पोकळी दिसली की कापून पुन्हा करायचा."

"वाईट वाटायचं?"

"वाईट? शिव्या घालायचो. साहेबाला, त्या यंत्राला. कापायचो पण."

बाईंनी कागदावरचा तीनशे त्रेचाळीस खोडला, शेजारी तीनशे एक लिहून सही केली. मग यादी काढून दुसऱ्या रुग्णाला फोन लावला आणि पुन्हा कशासाठी यायचं हे त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.