माडाचा गाभा

"आत पाहिल्याशिवाय काही कळत नाही." हे म्हणताना आमचा वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख उजवा हात कोयत्यासारखा खाली आणायचा. मग विषय परीक्षेचा असो की कॅन्टीनमधल्या वड्याचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा विद्वान असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

ऐंशीच्या दशकात भिवंडीच्या कॉलेजात मी त्याच्या हाताखाली लागलो. त्याचा अभ्यास माड, ताड, शिंदी यांच्या वाढत्या शेंड्यांचा. विषय खरोखर सुंदर. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. माडाला मात्र वाढायला एकच जागा, पानांच्या गाभ्यात खोल दडलेली. ती गेली की झाड गेलं. भेरली माडाचा तर शेंडाच शेवटी फुलोऱ्यावर येतो आणि झाड संपतं. कोणाचा शेंडा केवढा, वयाबरोबर तो कसा रुंदावतो, हे बघायला दर वेळी एक झाड मारावं लागायचं. या गृहस्थाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मानकोली-दापोड्याकडे कुणी गोदामासाठी जागा साफ करतोय असं कळलं, की हा कोयतेवाल्याला मागे बसवून स्कूटरवर निघायचा, लग्नाला निघाल्यासारखा.

एकदा दिघाशीची एक बाई कॉलेजात आली. नवऱ्यामागे एकटीच राहायची. घरामागे नवऱ्याने लावलेला एकच माड, त्याची मधली कोवळी सुई, म्हणजे शेंड्याचं न उलगडलेलं पान, वाळली होती. "झाडांचे मोठे सर हायत म्हनून आले," म्हणाली.

मोठे सर गेले. मीही गेलो. त्याने खालूनच मान वर केली.

"गेलं झाड. तोडा. गाभा तेवढा मला द्या."

"सर, कोणाला तरी वर चढवून बघू," मी म्हणालो. "कुजकं काढून मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावला तर कधी कधी वाचतं."

"तुम्ही मलम लावत बसा. मी संशोधन करतो."

माड पडला. गाभा सोलला. सुईच्या बुडाशी चार बोटं कूज होती. तिच्याखाली सगळं पांढरंशुभ्र, रसरशीत.

बाईने वाकून पाहिलं. "जिता व्हता ना?"

त्याने ते नेहमीचं वाक्य म्हटलं. या वेळी हात मात्र हलला नाही. गाभा बरणीत घातला आणि चहाला न थांबता निघाला. या प्रकरणाबद्दल पुढे चकार शब्द काढला नाही. निवृत्तीच्या भाषणातही तो फक्त स्वतःच्या शोधनिबंधांवर बोलला. लोक जांभया देत होते, मीही दिल्या.

नव्वदच्या दशकात तो वारला. एकदा दिघाशीला गेलो होतो, म्हणून बाईला सांगायला वळलो. घरामागे छपराच्या वर गेलेला तरणा माड डुलत होता.

"तुमच्या सरांनीच रोप आनून लावला," ती म्हणाली. "सोताच्या हातानं खड्डा खनला."

मला खरं वाटेना. "मग बघायला यायचे?"

"एकदाच आले. दारातच सांगितलं, रोप मेला."

"अहो, खोटं का सांगितलंत?"

"जगलाय म्हनलं असतं, तर एक दिवस कोयता घेऊन आले असते."

मी मोठ्याने हसलो. "मग काय म्हणाले?"

"उनातच उभे ऱ्हायले. पानी दिलं, ते पिऊन गेले."