बाकी चौघांचे वडील

"बाबूजी, आप भी खड़े हो जाइए. शर्माइए मत, आज आपका दिन है."

माइकवरचा आवाज सभागृहभर घुमला. मागच्या रांगेत माझे बाबा उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. उठताना त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. ठेकेदाराच्या मजुराचं नाव स्टील प्लांटच्या गेटवर पुकारलं की तो आधी गेटपास काढतो, मग तोंड उघडतो. बाबांचं काम सुटून बरीच वर्षं झाली. हाताची सवय सुटली नव्हती. रिकाम्या खिशात बोटं घालून ते उभे राहिले.

माइकवाल्याच्या ते लक्षात आलं.

"अरे बाबूजी, यहाँ गेटपास नहीं लगता!"

सभागृह हसलं. प्रेमानं हसलं, असं नंतर मला अनेकांनी सांगितलं.

मंचावर मीही हसले.

मी जिथे पत्रकारिता शिकले त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, भिलाईतच. पाच जणांचा सत्कार. दिल्लीतल्या एका चॅनलचा संपादक, एका कंपनीची जनसंपर्क प्रमुख, एक माहितीपट करणारा, एक जाहिरात एजन्सीवाला आणि मी. मी रायपूरच्या एका दैनिकात न्यूज डेस्क सांभाळते. माइकवर माझ्याच बॅचचा मुलगा होता, आता संघटनेचा सचिव.

चौघांचे परिचय पदापासून सुरू झाले. पद, संस्था, पुरस्कार, परदेशदौरे. टाळ्या. संपादक झालेल्याच्या मामाचं चॅनल होतं, हे आमच्या बॅचला पाठ आहे. परिचयात मामा आला नाही.

माझा परिचय खुर्सीपारपासून सुरू झाला.

"खुर्सीपार की बस्ती. पिता ठेका मज़दूर. माँ ने घर-घर बर्तन माँजे. कोटे से आईं, लेकिन मेहनत की. और हमारी यूनिवर्सिटी ने हाथ पकड़कर इन्हें यहाँ तक पहुँचाया."

माझ्या आईनं कधी कुणाकडे भांडी घासली नाहीत. ती शेवटपर्यंत घरी ब्लाउज शिवायची. घासली असती तरी त्यात लाज नव्हती. पण ते खरं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. खुर्सीपार म्हटल्यावर आई भांडी घासणारी असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

माझ्या कामाबद्दल एकही वाक्य नव्हतं. कारखान्यात ठेका मजूर मेला की आमच्या पेपरात "एक मजूर ठार" एवढंच यायचं. त्याचं नाव आणि गाव मिळवल्याशिवाय बातमी सोडायची नाही, हा नियम मी लावला. त्यासाठी संपादकांशी भांडले. पुरस्कार मिळाला नाही. पण माझी कमाई कोणती असं विचारलं तर मी तीच सांगेन.

तरीही मी हसले. ते हसू जुनं होतं. पहिल्या वर्षी स्कॉलरशिपची नोंद करायला सर वर्गात म्हणायचे, "कोटेवाले खड़े हो जाओ." आम्ही उभे राहायचो. हसत उभं राहिलं तर अपमान झाल्यासारखा दिसत नाही, हे मी त्या वर्गात शिकले. त्या दिवशी मंचावर ओठ आपोआप ताणले गेले. गाल दुखू लागले.

कुलगुरूंनी शाल उघडली. फोटोग्राफर वाकला. मी समोर पाहिलं.

बाबा अजून उभेच होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. सांगितल्याशिवाय ते बसणार नव्हते.

मी शालीखालून बाजूला झाले आणि माइकपाशी गेले.

"बाबा, बसा तुमी."

ते बसले. मग मी सचिवाकडे वळले.

"बाकी चारों के पिताजी कहाँ बैठे हैं? उन्हें भी खड़ा कीजिए."

कुणी हसलं नाही.

"अरे यार, तुम तो बुरा मान गई," सचिव म्हणाला. "हम तो तारीफ़ कर रहे थे."

"तारीफ़ मेरे काम की कीजिए. परिचय दुबारा पढ़िए. जैसे इन चारों का पढ़ा."

त्याच्या हातात वाचायला दुसरं काही नव्हतं. कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं. "बेटा, समय कम है."

मी हात जोडले आणि पायऱ्या उतरले. पुढचा कार्यक्रम पुकारला गेला.

परत येताना बाबा स्कूटीवर मागे बसले होते. पॉवर हाऊसच्या पुलावर ते पुढे वाकले. मग म्हणाले, "शाल कावून नाही घेतली?"

"त्यायनं तुमाले उभं केलं, बाबा."

"त काय झालं? आमाले त जनमभर उभंच केलं. तुयी शाल त घरी आली असती. आपल्या बुद्धविहारात लोकं हार घेऊन बसले हायेत. त्यायले काय सांगू मी? पोरीचा सत्कार झालाच नाही म्हणून?"

थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "माया हात खिशात गेला, त्याची लाज वाटली का तुले?"

"नाही बाबा. मी हसली, त्याची."

 विहाराच्या गल्लीत न वळता मी स्कूटी सरळ घरी नेली. हार घेऊन बसलेल्या माणसांसमोर जायची माझी हिंमत झाली नाही. ही लाज वेगळी. ती मंचावरच्या लाजेत मिसळत नाही.

दुसऱ्या दिवशी सचिव घरी आला. हातात तीच शाल, सोबत फोटोग्राफर. बाबांनी खुर्ची पुसून दिली. शेजारची मावशी दारात येऊन उभी राहिली.

"अंकल, ग़लतफ़हमी हो गई थी. आप ही अपने हाथ से ओढ़ा दीजिए बेटी को. बस एक फोटो."

बाबांनी शाल घेतली. दोन्ही हातांनी उलगडली. त्यांच्या चेहऱ्यावर काल सभागृहात जाताना होता तोच आनंद आला.

"घे ना वं, बाई," मावशी म्हणाली. "बापाच्या हातची हाय."

मी सचिवाला विचारलं, "परिचय बदला?"

"वो तो स्मारिका में छप गया. अब क्या बदलेगा?"

"और माँ के बर्तन?"

"अरे, इतना तो चलता है. लोगों को छू जाता है."

मी बाबांच्या हातातून शाल घेतली, घडी केली आणि त्याला परत दिली. वाकून त्याचे बूट दाराबाहेर सरळ करून ठेवावे असं क्षणभर वाटलं. इतकी ती नमतं घ्यायची सवय अंगात आहे. मी ते केलं नाही. तो गेला.

बाबा आत गेले. "माया हातानं देऊ देती, त काय बिघडलं असतं?" एवढंच आतून आलं. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोललेले नाहीत. मावशीनं गल्लीत सांगितलं की पोरगी मोठी झाली, बापाला विसरली. मी ते खोडून काढलेलं नाही.

बाबांची माफी मी मागेन. त्यांच्या हातातून ती शाल काढून घेतली, एवढ्यासाठीच. परत केली, त्यासाठी मागणार नाही.

विद्यापीठानं पुन्हा बोलावलं तर मी जाईन. परिचय आधी स्वतः वाचेन. त्यात माझ्या बापाचं काम असेल, तर बाकीच्यांच्याही बापांचं असावं लागेल. त्यात माझी आई असेल, तर शिलाई मशीनवर बसलेली असेल. तसं नसेल, तर मी मंचावर जाईन, उभी राहीन आणि परिचयात काय चुकलंय एवढंच सांगेन. हसणार नाही.