सावंतवाडीची ती सायकलफेरी

आज पहाटे माझी सवत गेली.

दचकू नका. सवत म्हणजे आमचे तातू भावोजी. ह्यांचे बालमित्र. जाड मिशा, लग्न नाही, घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

नात म्हणाली, आजी, तूही फेसबुकवर काहीतरी लिही. लिहिते. पण गोड गोड जमायचं नाही.

मी जन्मभर ह्या माणसावर जळले.

सगळं सुरू झालं गावपळणीत. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. माळावर झावळ्यांच्या राहुट्या, आणि तीन दिवस कामाला सुट्टी.

सुट्टी पुरुषांना. चूल काय, वेशीबाहेरही पेटवावीच लागते.

साठ-बासष्टचा सुमार असेल. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी कसालची, बाजारपेठेतली. उघड्या माळावर झोपायची सवय नाही. पहिली रात्र नुसती डोळे मिटून पडून राहिले. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला नणंद. रडायचीसुद्धा सोय नव्हती.

गावातला सायकलवाला भाड्याच्या सायकलीपण वेशीबाहेर घेऊन आला होता. कोणीतरी हसलं, तर म्हणतो कसा, "दिसभर फिरता ती, म्हणजे जितीच मगे. तिका एकटी कशी ठेवू?"

सकाळी बघते तर त्यातल्या दोन सायकलींवर हे आणि तातू भावोजी.

"खंय चललात रे?" सासूबाईंनी विचारलं.

"सावंतवाडी बघून येतंव," भावोजी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. गेले.

आणि रस्ता कुठून? कसालवरून. माझ्या माहेरच्या दारावरून. मी इथे धुरात पेज ढवळतेय, आणि हे दोघे माझ्या आईच्या अंगणासमोरून घंटी वाजवत चाललेत. तेव्हा जो जळफळाट झाला तो आजतागायत आहे.

दिवेलागणीला परत आले. अंगभर तांबडी धूळ, तोंडं सुकलेली. पण रुबाब बघावा. एका दिवसात सावंतवाडी करून आले होते ना.

मी हळूच विचारलं, "सावंतवाडीला जाऊन तिथल्या खेळण्यांतला एक लाकडी आंबा नाही आणलात मला?"

हे तसेच पाय धुवायला गेले. ते मी कधी विसरले नाही, आणि त्यांनाही विसरू दिलं नाही.

पुढे ती फेरी आम्ही किती वेळा ऐकली असेल. गणपतीत, लग्नात, बारशात. भावोजी सुरू करायचे, हे पुरं करायचे. कुडाळचा बाजार, पुढचे चढ, मग मोती तलाव, राजवाडा, तलावाच्या काठी खाल्लेली भजी.

आणि ह्यांचा चेहरा. माझ्याशी बोलताना तो कधी तसा उजळला नाही हो. माझ्याशी बोलणं म्हणजे मीठ संपलंय, नारळ पाडायचेत, गॅसचा नंबर लागला का. संसारात एवढी वर्षं मी, आणि आयुष्यातला सगळ्यात छान दिवस मात्र तातूबरोबरचा.

कोणाला नाही राग येणार?

हे गेले तेव्हा भावोजी माझ्यापेक्षा जास्त रडले. मला त्याचासुद्धा राग आला. लोक त्यांचं सांत्वन करत होते, आणि मी कोपऱ्यात.

गेल्या शिमग्यानंतर भावोजींनी अंथरूण धरलं. मी पेज घेऊन गेले. दोन घास खाल्ले आणि म्हणाले,

"वयनी, आमी सावंतवाडी बघूकच नाय."

मला वाटलं तापात बोलतायत.

"कुडाळातसून मागे फिरलंव. फिरलो तो सदाच. मी म्हटलंय, आता इलंव तर रात्री थंयच रवाया, उद्या परत जावया. तर तो बाजारात सायकल धरून उभो रवलो. म्हणालो, तातू, ती काल रातभर डोळे मिटून होती, पण झोपूक नाय. आज परत तशीच रवतली. मी जातंय."

सदा म्हणजे हे.

मी हातातली वाटी खाली ठेवली.

बायकोसाठी परत फिरला म्हटलं तर माळावर सगळे हसले असते. म्हणून दोघांनी वाटेत मोती तलाव रचला, राजवाडा रचला, भजी तळली. लाकडी आंबा येणार कुठून?

"एवढी वर्षं मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. भांडणाच्याच आवाजात.

"बाकी सगळो तो तुझोच होतो, वयनी. ह्यो एक दिस माझो. तो पण तुका दिलो असतो तर माझ्याकडे काय रवला असता?"

 म्हणजे ह्या मिशीवाल्याने पण अख्खा जन्म माझ्यावरच जळत काढला होता.

दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी परत पेटले.

कारण नवरा माझ्याबद्दल जे सगळ्यात मायेचं बोलला, ते माझ्याशी नाही, तातूशी बोलला. कुडाळच्या बाजारात. मी नसताना. आणि ह्या माणसाने ते एवढी वर्षं स्वतःजवळ ठेवून घेतलं.

मग मी रोज पेज घेऊन जायला लागले. रोज म्हणायचे, "भावोजी, ते काय म्हणाले होते ते सांगा." ते सांगायचे. अगदी ह्यांच्या आवाजात, ह्यांच्यासारखं नाक ओढून. काल बोलायची ताकद नव्हती, तरी पुटपुटले.

आज सकाळपासून मी स्वतःच म्हणून बघतेय. माझ्या आवाजात ते ह्यांचं वाटत नाही.

तातू भावोजी, नमस्कार करते. ह्यांना आधी तुम्हीच भेटणार. त्याचाही मला राग आहे.